क्षमा, माफी आणि पोटात घालणं

तुम्ही विचारलंय की क्षमा आणि माफी यांत फरक काय, यांचे विरुद्धार्थी शब्द कोणते, आणि चार वर्षांच्या अबोल्यानंतर मोठ्या बहिणीला पत्र लिहिताना यातला कोणता वापरावा. चूक तुमची आहे हेही तुम्ही लिहिलंय. मला तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो मनात धरूनच उत्तर देते.

आधी माफी. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘अफ्व’ आहे, आणि त्याचा जुना अर्थ पुसून टाकणं, वाळूतली पावलं वाऱ्याने पुसावीत तसं. म्हणून जिथे नोंद असते, हिशेब असतो, तिथे हा शब्द चपखल बसतो : कर्जमाफी, फीमाफी, शिक्षेत माफी, माफीचा साक्षीदार. माफ करणाऱ्याच्या हातात वही असते आणि तो तिच्यातली एक ओळ खोडतो. साहजिकच माफी वरून खाली येते. तिचा विरुद्धार्थी शब्द मी ‘सूड’ देणार नाही. कर्ज माफ झालं नाही तर वसूल होतं, शिक्षा माफ झाली नाही तर भोगावी लागते. वसुली आणि शिक्षा हेच तिचे खरे उलट शब्द. ‘गय करणं’ याच घरातलं. ‘कोणाचीही गय केली जाणार नाही’ हे वाक्य अधिकार असलेल्या माणसाच्याच तोंडी शोभतं.

दिलगिरी त्याहून वेगळी. फारसीत दिलगीर म्हणजे खिन्न. दिलगिरी व्यक्त करणारा आपल्याला वाईट वाटतंय एवढंच सांगतो, समोरच्याकडे मागत काहीच नाही. उशिरा आलेल्या गाडीसाठी ठीक आहे, बहिणीसाठी नको.

क्षमेचं मूळ संस्कृत ‘क्षम्’ धातूत. त्याचे अर्थ दोन : सोसणं आणि समर्थ असणं. सक्षम, कार्यक्षम, क्षमता हे सगळे त्याच धातूचे. संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळं सोसते. आता गंमत बघा, उलट शब्द करायला गेलं की ‘अक्षमा’ कोणी बोलत नाही. ‘अक्षम्य’ रोज वापरतो, पण ते विशेषण चुकीला लागतं, माणसाला नाही. आणि माणसाला ‘अक्षम’ म्हटलं तर अर्थ होतो असमर्थ. ज्याला सोसायची ताकद नाही तो अक्षम, हे भाषेने किती नेमकं पकडलंय! आम्ही बडोद्याचे मराठी, त्यामुळे कानावर गुजरातीही सतत असते. तिथे ‘खमवुं’ म्हणजे सोसणं, तेही या क्षम्‌चंच रूप.

ते रूप मला पहिल्यांदा कळलं ते एका गणेश चतुर्थीला. आमचं घर तेव्हा रावपुऱ्यात होतं. श्वेतांबर मूर्तिपूजक जैनांची संवत्सरी, म्हणजे त्यांचा एकमेकांची क्षमा मागायचा दिवस, भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच येते, म्हणजे आमच्या घरी गणपती बसतो त्याच दिवशी. संध्याकाळी आई दुसऱ्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीसाठी अळूचे देठ सोलत बसली होती, खाज सुटू नये म्हणून हातांना चिंच चोळलेली. शेजारच्या बा प्रतिक्रमण, म्हणजे आपल्या चुकांची कबुली देण्याचा जैन विधी, करून आल्या आणि उंबऱ्यातच हात जोडून म्हणाल्या, ‘मिच्छामि दुक्कडम्, बेन.’ आईला ते चिंचेचे हात कसे जोडावेत कळेना. ती म्हणाली, ‘तमे शुं कर्युं छे, बा?’ तुम्ही काय केलंय? बा म्हणाल्या, ‘याद नथी. एटले ज.’ आठवत नाही, म्हणूनच.

‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणजे माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. त्यात ‘मला क्षमा कर’ असं नाहीच. पण प्रतिक्रमणातल्या ‘खामेमि सव्वजीवे’ या गाथेत आहे : मी सर्व जीवांना क्षमा करतो, सर्व जीव मला करोत, सर्वांशी माझं मैत्र, वैर कोणाशीही नाही. यातला क्रम बघा, आधी देणं, मग मागणं. आणि तुम्हाला हवा असलेला क्षमेचा उलट शब्दही त्याच गाथेत सापडतो : वैर.

त्या वेळी आई आणि मावशी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. आजीच्या पाटल्यांवरून तेराव्याच्या दिवशी आई बहिणीला चारचौघांत नको ते बोलली होती. पंचमीला सकाळी आईने फोन लावला. मी शेजारीच उभी होते. आई एवढंच म्हणाली, ‘ताई, चुकलं माझं. पोटात घाल.’ पलीकडे बराच वेळ काही नाही. मग मावशीचा आवाज, ‘अळू मिळालं का गं तिकडे? खाजरं नाही ना?’

‘माफ केलं’ असं मावशी तेव्हा म्हणाली नाही, पुढेही कधी नाही. मराठी घरांत ते सहसा कोणी म्हणतच नाही, म्हटलं की म्हणणारा एक पायरी वर जातो. त्यासाठी आपल्याकडे पोटात घालणं आहे, पदरात घेणं आहे. दोन्ही आईने लेकरासाठी करायच्या गोष्टी. मात्र क्रियापद सांभाळा : ‘पदरात घे’ म्हणजे सांभाळून घे, आणि ‘चूक पदरात घालणं’ म्हणजे ती त्याच्याच माथी आहे हे त्याला पटवणं.

पोटात घालण्याचे उलट शब्द मराठीत भरपूर आहेत, आणि ते एकसारखे नाहीत. सूड उगवणं, वचपा काढणं, उट्टं काढणं यांत कृती होते आणि प्रकरण संपतं तरी. डूख धरणं म्हणजे वाट बघणं, सापाने धरावा तसा. आणि अढी. गवतात दाबलेले कच्चे आंबे बाहेरून दिसत नाहीत, आतल्या आत पिकत राहतात, त्यालाही अढीच म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ एक आहे असा माझा दावा नाही, पण अबोला म्हटला की मला ती गवताची अढी दिसते. तुमच्या घरात सूड नसणार, अढी असेल.

तेव्हा पत्रात ‘क्षमस्व’ नको, ते उत्तरपूजेत देवापुढे म्हणायचं. ‘माफी मागतो’ चालेल, पण अर्जासारखं वाटेल. ‘ताई, चुकलं माझं’ असं लिहा, नेमकं काय चुकलं ते एका वाक्यात लिहा, आणि ‘पोटात घाल’ म्हणा. ‘पण तूही तेव्हा’ ने सुरू होणारं काहीही नको. पत्राच्या शेवटी सवयीने ‘चूभूद्याघ्या’ लिहीत असाल तर या वेळी गाळा. आमच्याकडच्या दुकानांच्या बिलांवरही तसंच ‘भूलचूक लेवी देवी’ छापलेलं असतं. दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या धरून केलेला तो व्यवहार आहे, आणि तुम्ही तर चूक आपली म्हणून कबूल केली आहे.