भडंगाच्या पुड्यातलं तिकीट

ताई, आमचे वडील, अण्णा, ७४ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आई जाऊन तीन वर्षं झाली. दर मंगळवारी ते गणपतीच्या देवळात जातात आणि येताना राज्य लॉटरीची ५० रुपयांची दोन तिकिटं घेतात. गेल्या आठवड्यात भडंग आणायला सांगितलं, तर पुड्यात तिकिटं लपवून आणली आणि सुट्टे पैसे कमी दिले. विचारलं तर म्हणाले, "मागच्या वेळी एका आकड्यानं हुकलं बघ." बायको म्हणते, असू द्या, म्हाताऱ्या माणसाची करमणूक आहे. मला वाटतं ही शुद्ध उधळपट्टी आहे. मी त्यांना महिन्याला १,५०० रुपये हातखर्चाला देतो, त्यातले ४०० यातच जातात. (त्यांची पेन्शन ३१ हजार आहे, पण एटीएम माझ्याकडंच असतं आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो, त्यामुळं बाकी काळजी नाही.) हे व्यसन समजायचं का? सोडवायचं कसं?
– एक मुलगा, विश्रामबाग, सांगली

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याच्याकडे येतेच, आधी लॉटरीचं उरकते.

हिशेबानं विचाराल तर लॉटरी हा तोट्याचाच व्यवहार आहे, त्यात वादाला जागा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी २८ होता. म्हणजे ५० रुपयांच्या तिकिटातले १४ रुपयांहून जास्त करातच जातात. मग छपाई, विक्रेत्याचं कमिशन, सरकारचा वाटा. उरलेल्यातून बक्षिसं. ती लागली तरी पूर्ण हातात येत नाहीत. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस आधीच कापला जातो, आणि सेस धरून कर ३१.२ टक्के होतो. म्हणजे लाखाच्या बक्षिसाचे हाती ६८,८०० रुपये. आजवर घेतलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

आता शक्यता. पाच आकडी क्रमांक आणि दहा मालिका असल्या तर सोडतीत दहा लाख तिकिटं होतात. आठवड्याला दोन तिकिटं घेणाऱ्याला पहिल्या बक्षिसासाठी सरासरी साडेनऊ हजार वर्षं थांबावं लागेल. आणि "एका आकड्यानं हुकलं" याला काही अर्थ नसतो. ४५६७१ लागला तेव्हा ज्याच्याकडे ४५६७२ होता आणि ज्याच्याकडे ०९१३८ होता, दोघंही सारखेच लांब होते. सोडतीला शेजारपाजार कळत नाही. पण माणसाला कळतो, म्हणून तो पुढच्या मंगळवारी पुन्हा जातो. हे अण्णांना एकदा कागदावर मांडून दाखवा. आयुष्यभर कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावलेल्या माणसाला भागाकार समजावावा लागणार नाही. बहुधा त्यांना तो तुमच्याआधीच कळलेला असेल.

आता तो कंस.

३१ हजार महिना, म्हणजे वर्षाला ३ लाख ७२ हजार. आठवड्याला १०० रुपयांची तिकिटं, म्हणजे वर्षाला ५,२००. स्वतःच्या कमाईतल्या शंभर रुपयांतला दीड रुपयासुद्धा अण्णा लॉटरीवर घालवत नाहीत. आणि तुम्ही मला सांगताय की हातखर्चातला चौथा हिस्सा गेला! तिकीट तेच, पैसे तेच. भागाकार बदलला, कारण खालचा आकडा तुम्ही ३१ हजारांवरून दीड हजारावर आणून ठेवलात. मग त्या दीड हजाराचाही हिशेब घेता, भडंगाच्या सुट्ट्या पैशांसकट.

अण्णा तिकीट लपवतात म्हणून तुम्हाला व्यसनाची शंका आली. लपवण्याचं कारण मला साधं दिसतं. ज्याला स्वतःच्या पैशासाठी मुलापुढं हात पसरावा लागतो, तो लपवणारच. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा कार्ड "सोयीसाठी" तुमच्याकडे आलं असेल, आणि मग ते राहूनच गेलं. असं बहुतेक घरांत होतं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. सरकारी पेन्शनवर सावकाराची जप्ती येऊ नये अशी सोय १८७१ च्या पेन्शन कायद्यापासून आहे. जिथं सावकार पोहोचू शकत नाही, तिथं तुम्ही पोहोचलात. शिवाय दुसऱ्याचं कार्ड आणि पिन वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही. उद्या काही घोटाळा झाला तर "पिन मुलाकडं होता" एवढ्या एका वाक्यावर बँक हात वर करेल.

व्यसन कशाला म्हणायचं तेही सांगते, म्हणजे उद्या पुन्हा घाबरणार नाही. अण्णांचं तिकीट कागदी, छापील आणि रोखीचं आहे. १९९८ च्या लॉटरी कायद्यानं तिकिटावर राज्य सरकारची मुद्रा असावी लागते, एका लॉटरीची सोडत आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा काढता येत नाही, आणि नुसत्या एका आकड्यावर बक्षीस देता येत नाही. हा शेवटचा नियम मटक्याकडे बघूनच केलेला दिसतो. आपली राज्य लॉटरीसुद्धा १९६९ मध्ये सुरू झाली ती लोकांना मटक्यापासून वळवायला आणि तिजोरीत भर घालायला. गंमत अशी, की नुसत्या शक्यतेचं गणित मांडलं तर मटका लॉटरीपेक्षा उदार निघतो. जोडी, म्हणजे दोन आकडी क्रमांक, लागायची शक्यता शंभरात एक, आणि रुपयाला साधारण नव्वद मिळतात. तरी घरं बुडाली ती मटक्यानं. कारण ओपन आणि क्लोज, म्हणजे दोन निकाल, एकाच दिवसात, पैसे उधारीवर, आणि सकाळी हरलेलं संध्याकाळी भरून काढायची घाई. बुडवतो तो वेग आणि उधारी. आठवड्याला एकदाच येणाऱ्या रोखीच्या तिकिटात दोन्ही नाहीत.

म्हणून काळजी करायची ती पुढचं दिसलं तर: छापील तिकिटाऐवजी आकडा लिहिलेली चिठ्ठी, "ऑनलाइन लॉटरी" असा फलक लावून दर पंधरा मिनिटांनी निकाल देणारं दुकान, औषधाच्या किंवा विजेच्या बिलाच्या पैशाला हात, कुणाकडून तरी उसने, किंवा १०० चे ३०० आणि मग ७००. यातलं एकही तुमच्या पत्रात नाही. असतं तर मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

तेव्हा तुम्ही करायचं एकच. येत्या सोमवारी कार्ड अण्णांच्या हातात द्या. "हवं तर ठेवा" असं म्हणू नका, हातात द्या आणि पिन सांगून टाका. मग एटीएमवर दोघं जा, नवा पिन त्यांना टाकू द्या, आणि तेव्हा तुम्ही पाठ फिरवून उभे राहा.

त्याच दिवशी बँकेत. पासबुक, आधार आणि पॅन बरोबर घ्या. मोबाईल नंबर बदलायचा अर्ज असतो, त्यावर खातेदाराची सही लागते. अण्णांकडे फोन नसेल तर साधा बटणांचा घ्या. ओटीपी आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यावर येतो, आणि व्हॉट्सॲप नसल्यामुळे निम्मे भामटे दारातच अडतात. नंबर अण्णांच्या नावावरच्या सिमचा असू द्या. तुमच्या नावावरचं सिम त्यांच्या फोनमध्ये घालून दिलंत तर काहीच बदललं नाही.

"कुणी फसवलं तर?" हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. प्रश्न रास्त आहे, कार्ड काढून घेणं हे त्याचं उत्तर नाही. एटीएमची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणता येते, शाखेत विचारा. एटीएमची भीती वाटत असेल तर पासबुक आणि पैसे काढायची स्लिप घेऊन काउंटरवर जाता येतं, पेन्शनर माणसाला त्यात कमीपणा नाही. महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप आवर्ती ठेवीत जाईल अशी सूचना अण्णांच्या सहीनं देता येते. किती ते त्यांनी ठरवायचं. घरखर्चाला किती द्यायचे तेही त्यांनीच. हा आकडा ऐकताना तुम्हाला धक्का बसण्याची शक्यता आहे. तुम्ही मागितले असते त्यापेक्षा ते जास्त सांगतील असा माझा अंदाज आहे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची सही करायला त्यांना नेताच ना? त्या एका दिवशी ते खातेदार असतात. बाकीचे अकरा महिनेही राहू द्या.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो अण्णांना बसवून सांगा. "तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली" असे फोन आणि मेसेज येतात, पुष्कळदा +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून. कुठल्याशा टीव्ही कार्यक्रमाचं नाव, साहेबाचा फोटो, शिक्का, सगळं असतं. मग आधी कर भरा, प्रोसेसिंग फी भरा. खऱ्या लॉटरीत कर बक्षिसातून कापतात, आधी कुणी मागत नाही. आणि जे तिकीट आपण घेतलंच नाही, त्याला बक्षीस लागत नाही. केरळ लॉटरीचं तिकीट ऑनलाइन मिळतं म्हणणाराही खोटाच. ते तिकीट केरळात, कागदावर, हातात मिळतं.

तुमच्या बायकोचंही मला फार कौतुक वाटलेलं नाही. "म्हाताऱ्या माणसाची करमणूक आहे" हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण कार्ड कुठं आहे ते त्यांनाही माहीत होतं.

उरलं लॉटरी सोडवण्याचं. ते काम अण्णांचं. कार्ड हातात आल्यावर कदाचित तिकिटं बंद होतील, कदाचित दोनाची तीन होतील. तीन झाली तर वर्षाला ७,८०० रुपये, शंभरातले दोन रुपये दहा पैसे. तुमच्या घरात दुचाकीवर, मोबाईलच्या रिचार्जवर, सुट्टीतल्या खाण्यावर याहून किती जास्त उडतात हे मी विचारत नाही, आणि अण्णांनीही तुम्हाला कधी विचारलेलं दिसत नाही.

आता दोन शब्द अण्णांना, हे पान त्यांच्या हाती लागलं तर.

अण्णा, तिकीट घेतल्या घेतल्या मागं नाव, पत्ता लिहून सही करा आणि मोबाईलवाल्या कुणाकडून दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. पुड्यात ठेवू नका. तेलाचा डाग पडून बारकोड किंवा क्रमांक गेला तर बक्षीस लागूनही अडतं. निकाल दुकानदाराच्या तोंडी ऐकू नका, छापील निकालाशी स्वतः ताडून बघा. पहिलं बक्षीस नाही लागलं म्हणून तिकीट टाकू नका, खालची शेवटच्या आकड्यांची बक्षिसंही बघा. बक्षीस मागायची मुदत तिकिटावर मागं छापलेली असते. ती उलटली की पैसे सरकारजमा. आणि मोठं काही लागलं तर मूळ तिकीट कुणाच्याही हाती देऊ नका, मुलाच्यासुद्धा.

सोमवार उलटून गेला आणि कार्ड हातात आलं नाही, तर पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा. जुनं कार्ड बंद करा म्हणून सांगा, मोबाईल नंबर बदला, नव्या कार्डाचा अर्ज तिथंच मिळेल. त्यावर मुलाची सही लागत नाही.