लांब इंग्रजी शब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा?

प्रश्न असा आलाय की रिस्पॉन्सिबिलिटीसारखा लांबलचक शब्द बोलताना तुकडे कुठे पाडायचे, जोर कशावर द्यायचा, काही नियम आहे का.

आधी तुकडे. स्पेलिंग बघून तोडायला जाऊ नका, तिथेच गडबड होते. मराठीत तरी आपण कुठे लिहिल्यासारखं तोडतो, 'बोलतात' लिहायला चार अक्षरं पण तोंडात बोल-तात असे दोनच तुकडे. इंग्रजीतही कानाला जितके स्वर ऐकू येतात तितकेच तुकडे धरायचे. रि-स्पॉन-सि-बि-लि-टी, सहा. कम्फर्टेबल दिसायला चार, पण बहुतेक जण कम्फ-ट-बल असं तिनातच उरकतात.

आता जोर, खरी गंमत इथे आहे. एकच शब्द घ्या, फोटोग्राफ, जोर 'फो'वर. फोटोग्राफी म्हटलं की जोर सरकून 'टॉ'वर जातो आणि मघाचा ठसठशीत 'फो' एकदम विरून नुसता 'फ' उरतो, फ-टॉ-ग्र-फी. फोटोग्राफिक केलं की जोर 'ग्रॅ'वर. म्हणजे जोर हलला की स्वरही बदलतात, आणि आपण नेमकं इथेच चुकतो कारण मराठीच्या सवयीने आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो.

शब्दाचं शेपूट बघायचं, मला तरी हीच युक्ती सगळ्यात उपयोगी वाटते. शेवटी इटी, शन किंवा इक असेल तर जोर सहसा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो, इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'वर, एज्युकेशनमध्ये 'के'वर, इकॉनॉमिकमध्ये 'नॉ'वर, आणि तुमच्या रिस्पॉन्सिबिलिटीत 'बि'वर. अपवाद आहेत, टेलिव्हिजनमध्ये जोर बहुतेकदा पहिल्या 'टे'वरच असतो. मेंट, नेस, ली ही शेपटं मात्र सहसा जोराला धक्का लावत नाहीत, डेव्हलपमध्ये जोर 'व्हे'वर (आपल्याकडे सर्रास 'डे'वर देतात) तर डेव्हलपमेंटमध्येही तिथेच.

आणि अडलं की डिक्शनरी बघाच, पण मूळ शब्दात मधेमधे जे ठिपके असतात त्यावर जाऊ नका, ते बहुतेकदा ओळ संपताना शब्द कुठे मोडायचा त्यासाठी असतात. शेजारी उच्चार दिलेला असतो तो बघा. त्यात वरच्या बाजूला बारीकशी उभी रेघ असते, हल्ली बहुतेक ठिकाणी तिच्या लगेच पुढचा तुकडा जोराचा असतो. खालच्या बाजूला तशीच रेघ दिसली तर तो दुय्यम जोर, रिस्पॉन्सिबिलिटीत तो 'स्पॉन'वर येतो.