माझ्या छोट्या कारखान्याची बातमी इंजिनिअरिंगच्या मासिकांत कशी छापून येईल?

तुम्ही लिहिलंय की वाळूजला चार व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं) जॉबवर्क शॉप आहे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट मशीनिंग करून देता, तीन मासिकांना प्रेसनोट पाठवली, दोघांनी उत्तरच दिलं नाही आणि तिसऱ्याकडून थेट जाहिरातीचं कोटेशन आलं. मग ओळख किंवा पैसा असल्याशिवाय काही छापून येतं का, असा तुमचा प्रश्न. येतं. मीही वाळूजलाच फिक्श्चर (मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणारी साधनं) बनवतो, आम्ही सगळे मिळून नऊ माणसं. आजवर माझे पाच लेख मासिकांत आलेत आणि एकाचेही पैसे मोजलेले नाहीत. पण त्याआधी तुमच्यासारख्याच प्रेसनोटा पाठवून मी दोन वर्षं घालवली होती.

माझी पहिली प्रेसनोट अजून जपून ठेवलीय. ‘गुणवत्तेच्या बळावर गरुडझेप’, ‘अत्याधुनिक यंत्रसामग्री’, ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. सोबत माझा टाय लावलेला फोटो. आमचे सुपरवायझर औशाकडचे. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “साहेब, हे काय लिहायलाव? लग्नपत्रिका वाटायलीय. ह्यात आपलं फिक्श्चर कुठंय?” त्या वेळी मला राग आला होता.

पुढे जानेवारीत बेंगळुरूला इमटेक्स या मशीन टूलच्या प्रदर्शनाला गेलो. (विषम वर्षी मेटल कटिंगचं प्रदर्शन असतं, सम वर्षी फॉर्मिंगचं. तुम्ही व्हीएमसीवाले, तुमचं विषम वर्षाचं.) तिथे एका मासिकाच्या उपसंपादक बाई भेटल्या. मी ब्रोशर पुढे केलं, त्यांनी ते न उघडता पिशवीत टाकलं आणि विचारलं, “तुमच्याकडे शेवटचं काय बिघडलं होतं?” मी जरा गोंधळलो. मग अॅल्युमिनियमच्या कव्हरची गोष्ट सांगितली. भिंत साडेतीन मिलिमीटरची. क्लॅम्प आवळलेला असताना फेस एकदम सपाट, मशीनिंग झकास. क्लॅम्प सोडला की जॉब, म्हणजे ते कव्हर, स्प्रिंगसारखा उसळायचा आणि सपाटीतला फरक ८० मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जायचा. ड्रॉईंगवर जास्तीत जास्त ५० होते. ग्राहकाच्या माणसांनी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करून पाहिला, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी पाती) बदलले, क्लॅम्प ढिला ठेवला तर जॉब थरथरायला लागला. शेवटी दिसलं ते असं, की तीन क्लॅम्पखाली रेस्ट पॅड (जॉब टेकायचे आधार) होते आणि चौथा क्लॅम्प हवेत दाबत होता, त्याच्या खाली काहीच नव्हतं. म्हणजे आपणच जॉब वाकवायचा, वाकलेल्या अवस्थेत सपाट करायचा आणि मग सोडून द्यायचा. चौथ्याच्या बरोबर खाली तरंगता सपोर्ट (जॉबला हलकेच टेकून मग जागेवर पक्का होणारा आधार) दिला, आधी सपोर्ट टेकेल आणि मगच क्लॅम्प उतरेल असा क्रम लावला. ३० मायक्रॉनच्या आत आलं.

बाई ब्रोशरवर नाही, माझ्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून घेत होत्या. “मोजलं कशावर? सीएमएमचा रिपोर्ट आहे? आधीचा आणि नंतरचा, दोन्ही?” (सीएमएम म्हणजे पार्टची अचूक मापं घेणारं यंत्र.) दोन्ही होते. “मग हेच लिहून पाठवा.” एवढंच बोलणं. तो लेख चौथ्या महिन्यात आला.

यात जे कळलं तेच तुम्हाला सांगायचंय. संपादकाला तुमचा कारखाना नको असतो, त्याच्या वाचकाला कामाला येईल अशी एक अडचण हवी असते. ते मासिक कोण वाचतं ते बघा ना. प्रॉडक्शन इंजिनिअर, टूल रूमवाले, परचेसवाले. त्यांना तुमचा आयएटीएफ १६९४९ चा (वाहन उद्योगातल्या गुणवत्तेचा) दाखला ही बातमी वाटत नाही, कारण तो त्यांच्याकडच्या प्रत्येक व्हेंडरकडे आहे. नवीन मशीन घेतलं ही मशीन विकणाऱ्याची बातमी. वर्धापनदिन, सत्यनारायण, पाहुण्यांच्या हस्ते फीत, हे शहराच्या पुरवणीत छान दिसतं आणि तिथे जरूर द्या. पण त्या बातमीने मेव्हण्याचा फोन येतो, चाकणच्या इंजिनिअरचा येत नाही.

आता एक गोष्ट जॉबवर्कवाल्याला फार जपून करावी लागते. ती मला कुणी सांगितली नव्हती म्हणून सविस्तर लिहितो. मी आधी एका मशीन शॉपमध्ये नोकरीला होतो. तिथल्या मालकांनी अभिमानाने एका अंकात छापून आणलं की आम्ही अमुक पार्टचा सायकल टाइम (एक पार्ट मशीनवर व्हायला लागणारा वेळ) साडेसहा मिनिटांवरून सव्वाचार मिनिटांवर आणला. मजकूर खरा, फोटो सुंदर. पंधरा दिवसांत ग्राहकाच्या परचेसमधून मेल आला, सोबत त्या पानाचा स्कॅन. ‘अभिनंदन. सुधारित दर कळवावेत.’ जॉबवर्कचा भाव मशीन-तासावर लावलेला असतो, म्हणजे सायकल टाइम छापणं म्हणजे स्वतःच्या नफ्याचं पान उघडून दाखवणं. मी फिक्श्चर विकतो, मला सायकल टाइम मिरवून चालतं. तुम्हाला नाही चालणार. तुम्ही रिजेक्शन किती घटलं ते लिहा, सेटअप बदलायला लागणारा वेळ लिहा, इन्सर्टचं आयुष्य, बर (कापल्यावर कडेला राहणारी खरखरीत धार) काढायला बसवलेला माणूस कसा मोकळा झाला ते लिहा. यातला बराचसा फायदा तुमच्याच खिशात राहतो आणि वाचकालाही तेवढंच उपयोगाचं असतं.

दुसरी भानगड परवानगीची. ग्राहकाबरोबर एनडीए (गुप्ततेचा करार) असतोच, तो एकदा नीट वाचा. मोठ्या कंपनीचं नाव छापायची परवानगी मागितली की तुमचा मेल परचेसकडून लीगलकडे, तिथून कॉर्पोरेट कम्युनिकेशनकडे जातो आणि तिकडेच राहतो. मी नाव मागणंच सोडून दिलं. ‘दुचाकी बनवणाऱ्या एका कंपनीसाठी’ एवढं पुरतं. वाळूजमध्ये ते वाचून कोण कंपनी हे शेंबडं पोरही ओळखेल, कारण १९८५ मध्ये बजाजचा प्रकल्प इथे आला आणि अर्धी वसाहत त्याच्या आसऱ्याने उभी राहिली, पण कागदावर तुम्ही नाव घेतलेलं नसतं. पार्टचा आकार ओळखू येत असेल तर फोटोऐवजी स्वतः काढलेलं रेखाचित्र द्या. आणि मसुदा छापायला देण्यापूर्वी ग्राहकाच्या त्या इंजिनिअरला दाखवा, ज्याच्याबरोबर तुम्ही रात्री अकराला सेटअप केला होता. त्याचंही श्रेय लिहिलं की तो आतून मदत करतो.

फोटोत माझी एकदा फजिती झाली. ऑपरेटर फिक्श्चरवर जॉब बसवतोय असा छान फोटो पाठवला. मागच्या भिंतीवर दुसऱ्याच ग्राहकाचं ड्रॉईंग चिकटवलेलं होतं, टायटल ब्लॉकसकट. अंक हातात आला तेव्हा भिंगाशिवाय वाचता येत होतं. त्या ग्राहकाकडे मी स्वतःच जाऊन कबुली दिली, दोन तास बसवून ठेवलं त्यांनी. तेव्हापासून फोटोआधी भिंत उघडी करतो, जमिनीवरचं कूलंट पुसून घेतो, ऑपरेटरला गॉगल आणि सेफ्टी शूज घालायला लावतो. चपलेवरचा माणूस दिसला की संपादक फोटो बाजूला ठेवतो. आणि फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो चेपला जातो. मेलने मूळ फाइल पाठवा. छपाईला ३०० डीपीआय लागतो, म्हणजे दहा इंच रुंद छापायचा तर तीन हजार पिक्सेल. हल्लीच्या मोबाइलमधून सहज निघतो.

जाहिरातीचं कोटेशन आलं याचा अर्थ बहुधा तुमचा मेल जाहिरात विभागाच्या पत्त्यावर गेला. अंकाची पहिली एक-दोन पानं उघडा, तिथे संपादकाचं नाव छापलेलं असतं, ते छापणं कायद्यानेच लागतं. त्या माणसाला नावाने लिहा. मेल पाच-सहा ओळींचा. अडचण काय होती, काय केलं, आकडा कुठून कुठे आला, रिपोर्ट आणि फोटो आहेत, किती शब्दांत हवंय. कंपनीचा इतिहास शेवटी एका ओळीत. पाठवायच्या आधी त्या मासिकाचे तीन अंक वाचा. विकत घ्यायची गरज नाही, मशीन विकणाऱ्यांच्या वेटिंग रूममध्ये पडलेले असतात.

वेळेचं गणित मात्र सांभाळा. मासिकं वर्षाचे विषय आधीच ठरवतात, या महिन्यात कटिंग टूल, त्या महिन्यात डाय-मोल्ड, पुढे ऑटोमेशन. मागितलं तर ती यादी पाठवतात. अंक निघायच्या निदान दोन महिने आधी मजकूर त्यांच्या टेबलावर असावा. जानेवारीच्या इमटेक्सच्या अंकासाठी दिवाळी संपली की लगेच लिहायचं. जानेवारीत पाठवाल तर मोठ्या कंपन्यांच्या ढिगाखाली जाल.

सध्या आपल्या भागाला आणखी एक फायदा आहे. बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहरात कारखाना काढायचा सामंजस्य करार टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये केला, इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरनेही तिथे कारखाना जाहीर केला, त्यामुळे इथला पुरवठादार किती तयार आहे हा प्रश्न आता या मासिकांच्याही डोक्यात असतो. इलेक्ट्रिक गाडीचा एखादा अॅल्युमिनियम हाउसिंग किंवा कंट्रोलरचं कव्हर तुम्ही करत असाल तर तो उल्लेख पहिल्याच ओळीत घ्या. करत नसाल तर ओढूनताणून घुसवू नका, पहिल्याच फोनला उघडं पडतं.

इंग्रजीचं म्हणाल तर घाबरू नका. माझं इंग्रजी बीजकापुरतं. मी आधी मराठीत लिहितो, चहाच्या टपरीवर दुसऱ्या टूल रूमवाल्याला सांगावं तसं, आणि भाचीकडून इंग्रजी करून घेतो. ‘धातुकाम’ हे मासिक तर मराठीतच निघतं आणि ते ऑपरेटर-सुपरवायझरपर्यंत पोचतं, ही इंग्रजी मासिकांना न जमलेली गोष्ट आहे. आपल्याकडे कारखाना आणि मासिक हे नातं जुनंच. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढे ते घरोघरी वाचलं जाणारं मासिक झालं. असो, विषयांतर झालं.

पैशाबद्दल. पैसे देऊन लेखासारखी दिसणारी जाहिरात छापून मिळते, तिला ॲडव्हर्टोरियल म्हणतात. त्यात पाप नाही, पण वाचक ओळखतो. ‘देशातल्या पहिल्या दहा कंपन्यांत तुमची निवड झाली’ असे मेल येतील आणि शेवटच्या ओळीत सन्मानचिन्हाचा खर्च असेल. ते सरळ डिलीट. पीआर एजन्सी चार मशीनवाल्याला परवडत नाही आणि तिला तरंगता सपोर्ट म्हणजे काय हेही तुम्हालाच शिकवावं लागतं. काही नवीन यंत्रणा शोधली असेल आणि पेटंट घ्यायचा विचार असेल, तर आधी अर्ज आणि मग लेख. एकदा छापून आलं की ते जगाला माहीत झालं असं धरतात.

जालन्याचे रोलिंग मिलवाले किंवा लातूरचे डाळ मिलची यंत्रं बनवणारे हे वाचत असतील तर त्यांची मासिकं वेगळी, स्टीलची आणि अन्नप्रक्रियेची, रीत हीच.

शेवटी तुम्ही विचारलंय की यातून ऑर्डर किती मिळतात. पहिला लेख आला तेव्हा चार फोन आले. एक कूलंट विकणारा, एक जाहिरात विकणारा, एक जुना वर्गमित्र आणि एक विद्यार्थी, ज्याला प्रोजेक्टसाठी तयार ड्रॉईंग हवं होतं. मी लेखाची पीडीएफ प्रत्येक कोटेशनला जोडायला लागलो, बस. चौदा महिन्यांनी होसूरहून एका अनोळखी इंजिनिअरचा मेल आला. माझ्या लेखाचं पान मोबाइलने काढलेलं, चहाचा डाग पडलेलं, त्यात चौथ्या क्लॅम्पच्या आकृतीभोवती पेनाने गोल केलेला, आणि खाली एकच ओळ: आमच्याकडे असेच सहा पार्ट आहेत, कधी येऊ शकता?