तरतूद म्हणजे खर्च नव्हे

अगं,

सोसायटीच्या बैठकीचं तू लिहिलेलं वाचलं. एकीकडे आजोबा मंडळींचं म्हणणं असं, की आमची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, त्यांची फी आम्हीच भरतो, मग पुणे महापालिकेच्या शाळेचा भार आमच्या मिळकतकरावर कशाला. दुसरीकडे तुझ्या मैत्रिणींचं असं, की आंबेगावातल्या शाळेचं छत गळतंय, त्यासाठी कर थोडा वाढला तर कुठे बिघडलं. तुला दोन्ही पटलं आणि तू गप्प राहिलीस. गप्प राहिलीस ते ठीकच. पण दोन्ही पटलं याचा मला राग आला, कारण दोघांपैकी एकाच्याही हातात कागद नव्हता.

आधी बिल काढ. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशामक, वृक्ष, पाणीपट्टी, पथकर अशा ओळींमध्ये शिक्षणाच्या नावाने दोन ओळी सापडतील. एक मनपाचा शिक्षण उपकर आणि दुसरा शासनाचा शिक्षण कर. दुसरा राज्याच्या १९६२ च्या कायद्याखाली येतो. महापालिका तो फक्त गोळा करते आणि शासनाकडे भरते. बैठकीत ज्या आकड्यावर बोट ठेवून ‘हे बघा, शाळेसाठी एवढे घेतात’ म्हणाले, तो कोणत्या ओळीतला होता? तुला माहीत नाही. म्हणणाऱ्यालाही नसणार.

आता कर ‘वाढला’ म्हणजे नेमकं काय झालं ते बघ. क्षेत्रफळ गुणिले मासिक भाडेदर गुणिले बारा, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा, म्हणजे वार्षिक करपात्र रक्कम. समजा ६०० चौरस फूट आणि दर ३ रुपये. वर्षाचे २१,६०० होतात, दहा टक्के गेले की १९,४४० उरतात. मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत आहे. ती धरली की ११,६६४ उरतात. मध्यंतरी ही सवलत बंद झाली होती, २०२३ मध्ये शासनाने ती परत दिली. पण ती आपोआप लागेलच असं नाही. पीटी-३ अर्ज, पंचवीस रुपये शुल्क, आपण स्वतः राहतो याचं सोसायटीचं पत्र आणि पत्त्याचा एक पुरावा, एवढं द्यावं लागतं. ज्याने दिलं नाही त्याची आकारणी १९,४४० वर. करपात्र रक्कम ११,६६४ वरून १९,४४० वर जाणं म्हणजे जवळपास ६७ टक्के वाढ. सवलत चाळीसची, पण ती हुकली की बिल सदुसष्टने फुगतं. यात दर एका पैशानेही वाढलेला नाही. तुमच्या इमारतीत ‘करवाढ’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांचा हा अर्ज राहिला आहे, ते आधी दारोदार फिरून विचार. आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. ‘निषेध म्हणून भरणार नाही’ म्हणणाऱ्यांना वर्षाचे चोवीस टक्के होतात हे जरा शांतपणे सांग.

आता शाळा. इथे माझं एकच म्हणणं आहे आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. तरतूद म्हणजे खर्च नव्हे.

अंदाजपत्रक जाहीर झालं की वर्तमानपत्रात मथळा येतो, शिक्षणासाठी अमुक कोटी. एक गट म्हणतो केवढी उधळपट्टी, दुसरा म्हणतो केवढी कंजुषी. दोघंही तरतुदीवर भांडतात. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात तीन रकाने असतात. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. मथळा तिसऱ्यातून येतो, शाळा पहिल्यातून चालते. तू पहिला रकाना वाच. मग चालू वर्षाची मूळ तरतूद (गेल्या वर्षीच्या पुस्तकातला तिसरा रकाना) आणि सुधारित अंदाज शेजारी ठेव. फरक दिसला तर विचार, पैसे गेले कुठे. पुण्यात याला ‘वर्गीकरण’ म्हणतात. नाव किती निरुपद्रवी! एका कामाचे न वापरलेले पैसे वर्षाच्या शेवटी शेवटी दुसऱ्या कामाकडे वळवायचे, एवढाच त्याचा अर्थ. शाळेच्या स्वच्छतागृहाची तरतूद रस्त्याच्या डांबरात गेली तरी मूळ पुस्तकात ती शिक्षणाचीच म्हणून छापलेली राहते.

पैसे का खर्च होत नाहीत, हेही समजून घे, नाहीतर सगळं भ्रष्टाचारावर ढकलून मोकळी होशील. छत दुरुस्त करायचं तर आधी पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, मग तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम. एप्रिलमध्ये सुरुवात झाली नाही तर कार्यादेश पावसात निघतो, आणि पावसात छतावर कोणी चढत नाही. बरं, छत शिक्षण विभागाचं नाहीच. ते भवन विभागाच्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या खात्यात, दिवे-पंखे विद्युत विभागाच्या. शिक्षण विभागाच्या पुस्तकात मोठा भाग पगाराचा. त्यामुळे फक्त ‘शिक्षण’ हे पान उघडून ‘दुरुस्तीला काहीच नाही’ म्हणणं चूक, आणि तेच पान उघडून ‘एवढे कोटी घेऊन छत गळतं’ म्हणणंही चूक.

दरडोई खर्चाचा सापळाही ओळखून ठेव. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या १२१ मुलांनाही पाच शिक्षक लागतात आणि १५० मुलांनाही पाचच. पट १५० वरून १२१ वर आला की पगार तेवढाच राहतो आणि दर मुलामागचा खर्च जवळपास सव्वापट दिसतो. शाळा श्रीमंत झालेली नसते, रिकामी होत असते.

शाळेच्या स्वतःच्या हातात किती असतं? समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात २५१ ते १००० पटाला वर्षाला पंचाहत्तर हजारांची मर्यादा आहे. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. चारशे मुलांच्या शाळेत उरलेले ६७,५०० म्हणजे मुलामागे वर्षाला १६९ रुपये. खडू, फिनेल, नळाची तोटी, झेरॉक्स सगळं त्यात. मुख्याध्यापकांना छतावरून जाब विचारायला जाण्याआधी हा आकडा आठव.

आमच्या पिढीची चूक इथेच झाली. आम्ही दरवर्षी जास्त तरतूद मागितली, मिळाली की हार घातले आणि मार्चमध्ये ती वळवली तेव्हा घरी बसलो. मला लोक हेकट म्हणतात, म्हणोत. प्रत्येक सभेत हा माणूस ‘प्रत्यक्ष खर्च किती’ एवढंच विचारतो, अशी टिंगल होते. पण त्या प्रश्नाला आजही झटकन उत्तर मिळत नाही, म्हणजे प्रश्न बरोबर आहे. पुन्हा सांगतो, तरतूद म्हणजे खर्च नव्हे.

वेळ चुकवू नकोस. कराचे दर कायद्याने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. एप्रिलमध्ये बिल हातात पडल्यावर दरावर बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं. मार्च २०२२ पासून काही वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासकच सगळं ठरवत होते. तेव्हा तर विचारायची सवय अजूनच मोडली. शाळेच्या बाजूनेही तसंच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा ती समिती करते. तो आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. नुसतं ‘छत गळतं’ असं त्यात लिहून चालत नाही. कोणती खोली, किती चौरस फूट, कोणत्या विभागाकडे कधी पत्र दिलं, पोचपावती कुठे, असं लिहावं लागतं. तुझ्या त्या मैत्रिणींपैकी कुणाचं मूल त्या शाळेत असेल तर तिने समितीत जावं. कुणाचंच नसेल तर सोसायटीने समितीला एक अभियंता आणि एक मोजपट्टी द्यावी. वर्गणी नको. वर्गणी दिली की भवन विभागाला सोडवल्यासारखं होतं.

तू पत्रात विचारलंयस, ‘मग मी कोणाच्या बाजूने बोलू?’ बाजू कसली घेतेस! आजोबांना सांग, प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, नातू कुठे शिकतो यावर ते ठरत नाही. मैत्रिणींना सांग, आधीचे पैसे खर्च झाले का ते कळेपर्यंत वाढीव कराला हो म्हणू नका. दोघंही चिडतील. चिडू देत.

महापालिकेत सोमवारी दुपारी तीन ते पाच कागदपत्रं अर्जाशिवाय बघू देत असत, अजून देतात का ते आधी विचारून घे. भवन विभागात जा आणि त्या शाळेच्या नावाची गेल्या तीन वर्षांची कामं माग. प्रत्येकाची मूळ तरतूद, कार्यादेशाची तारीख, अदा केलेली रक्कम आणि वर्गीकरण झालं असल्यास त्याचा ठराव. आखीव वहीत चार रकाने पाडूनच जा. तिथे गेल्यावर आखायला बसलीस की पाच वाजतात. ‘फाइल साहेबांकडे आहे’ म्हणाले तर तिथेच दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज दे. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. अर्जात ‘का’ लिहू नकोस, ‘का’ला उत्तर मिळत नाही. नुसती प्रत माग, एवढंच.

वही भरली की ये. येताना तुमच्या बिलाची दोन्ही पानं आण, मागचंसुद्धा.

तुझा,
काका