चौकात आधी कोण?

प्रश्न : अमेरिकेत मी बरीच वर्षं गाडी चालवली आहे. आता मुलाकडे जर्मनीला जायचंय आणि तिथून भाड्याच्या गाडीने पॅरिसला. दोन्हीकडे गाड्या अमेरिकेसारख्याच रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. मग चौकाचे नियमही तेच समजायचे ना?

उत्तर : नाही हो. उलट बाजू तीच असली की माणूस गाफील राहतो. बाजू बदलली की निदान घाबरून तरी चालवतो!

चारी बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असलेला अमेरिकन चौक तुमच्या अंगवळणी पडला असेल. आधी येऊन थांबला तो आधी निघाला, दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. जर्मनीत हे डोक्यातून काढून टाका. वस्तीतल्या कितीतरी चौकांत तिथे पाटीच नसते. पाटी नाही, सिग्नल नाही, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तुम्ही आधी पोचलात, तुमचा रस्ता रुंद आहे, तो बोळातून येतोय, सायकलवर आहे, यातलं काहीही चालत नाही. तो तुमच्याकडे बघणारही नाही, कारण त्याला त्याच्या उजवीकडे बघायचं असतं. शेतवाटेवरून किंवा घराच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्याला मात्र हा हक्क नाही.

चारी बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतंच. मग एकाने हाताने खुणावून आपला हक्क सोडायचा आणि कोंडी फोडायची. एरवी मात्र उगाच सौजन्य दाखवून 'तुम्ही जा, तुम्ही जा' करू नका, त्याने घोळच वाढतो.

एक पाटी मात्र पाठ करून जा : टोकावर उभा केलेला पिवळा चौकोन, कडा पांढरी. ती दिसली की प्राधान्य तुमच्या रस्त्याला. तीच काळ्या तिरप्या रेघांनी खोडलेली दिसली की ते संपलं, पुन्हा उजवीकडे बघायला लागा.

लाल दिव्याला उजवीकडे वळायची अमेरिकन सवयही आवरा. जर्मनीत सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण असेल तरच वळता येतं, तेही आधी पूर्ण थांबून. ही पद्धत मूळ पूर्व जर्मनीतली, १९७८ची.

फ्रान्समध्येही पाटी नसेल तिथे उजवीकडच्याचाच मान. तिथल्या गोल चौकांत पूर्वी आत शिरणाऱ्याला प्राधान्य असायचं. १९८४ पासून पाटी लावलेल्या चौकांत ते आत फिरणाऱ्याला मिळालं, आणि आता बहुतेक चौक तसेच आहेत. पॅरिसमधला विजयकमानीभोवतीचा चौक मात्र जुन्याच वळणाचा. बारा रस्ते येऊन मिळतात, लेनच्या रेघा नाहीत, आणि आत फिरणाऱ्याने बाहेरून येणाऱ्यासाठी थांबायचं. माझं ऐकाल तर गाडी दुसरीकडे लावा आणि कमानीच्या गच्चीवर जाऊन तो गोंधळ वरून बघा.