निवड आणि इच्छास्वातंत्र्य: वाचन कुठून सुरू करावं?

तारण (पापातून सुटका) कोणाचं व्हावं हे देव निवडतो की माणूस स्वतः ठरवतो, हा प्रश्न बायबलमध्ये वाचताना पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या ९व्या अध्यायावर थांबू नका. तिथे देव कुंभार आणि माणूस माती एवढंच डोक्यात राहतं, आणि ‘मग माझ्या हातात काय?’ म्हणून माणूस खचतो. ९ ते ११ अध्याय एका बैठकीत वाचा. जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचं तारण होईल, हेही १०:१३ मध्ये त्याच पौलाने लिहिलंय.

मग योहानाच्या शुभवर्तमानातलं ६:३७ घ्या. आधी पित्याने येशूला दिलेले, नंतर स्वतः त्याच्याकडे येणारा. मूळ ग्रीकमध्ये दोहोंच्या मध्ये ‘पण’ नाही, ‘आणि’ आहे. इथे रेंगाळा.

याच प्रश्नावरचा, नेदरलँड्समधल्या डॉर्ट शहराच्या नावाने ओळखला जाणारा वाद त्यानंतर. इच्छास्वातंत्र्यावर भर देणारा डच धर्मपंडित आर्मिनियस, त्याच्या अनुयायांची १६१० ची पाच कलमं आधी, डॉर्टच्या १६१८-१९ च्या चर्च परिषदेचं विरोधी उत्तर मागून. उलट वाचलं तर मूळ प्रश्नच कळत नाही. देवाच्या कृपेशिवाय तारण नाही, हे दोन्ही बाजू मानत होत्या.