१६७१२ म्हणजे साडेबारा

प्रश्न : आमच्या दूध प्रकल्पात पाण्याच्या लाइनवर नवीन मॅग्नेटिक फ्लो मीटर बसवलाय. डिस्प्लेवर ताशी १२.५ घनमीटर दिसतात. आरएस-४८५ केबल जोडून लॅपटॉपवर मॉडबसनं (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची पद्धत) वाचलं. मॅन्युअलमध्ये प्रवाहाचा पत्ता ४००११ आहे. ११ टाकलं की ० आणि पुढे भलताच आकडा. १० टाकलं की १६७१२ आणि ०. पीएलसीत (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) फ्लोट, म्हणजे दशांश संख्या म्हणून वाचलं तर ०.००! १६७१२ ला १३३७ नं भागलं की बरोबर १२.५ येतात. हाच भागाकार पीएलसीत टाकून देऊ का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : अजिबात नको. व्हॉल्व्ह उघडून प्रवाह २५ वर न्या आणि पुन्हा वाचा. १६७१२ चे १६८४० होतील. वाढ फक्त १२८! १३३७ नं भागलंत तर २५ च्या जागी १२.६ येतील. हा उद्योग मीही केलाय, एका साखर कारखान्यात, ऐन गाळपात. दोन दिवस आकडा चोख जुळला, कारण पंप एकच चालू होता. तिसऱ्या दिवशी दुसरा पंप लागला, पाणी दुप्पट झालं आणि स्क्रीनवरचा आकडा जागचा हलेना. शिफ्ट इनचार्ज काय बोलले ते इथं छापता येणार नाही.

मॉडबस १९७९ सालचा. त्याच्या एका रजिस्टरात, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, १६ बिट मावतात, आणि तुमचा प्रवाह आहे ३२ बिटांचा फ्लोट. म्हणून तो दोन रजिस्टरांत मोडून येतो. १६७१२ हा वरचा अर्धा, ० हा खालचा. फ्लोटमधला दोनचा घातांक वरच्या अर्ध्यात बसतो. संख्या दुप्पट झाली की तो एका पायरीनं चढतो, आणि ती पायरी म्हणजेच ते १२८. पीएलसी खालचा अर्धा आधी धरतोय, म्हणून ०.००. तिथं वर्ड स्वॅप करा, म्हणजे दोन अर्ध्यांची अदलाबदल. तपासताना पाणी वाहतं ठेवा. शून्य उलटं केलं तरी शून्यच. एक खूण सांगतो : प्रवाह १ ते १००० मध्ये असेल, तर वरचा अर्धा १६२५६ ते १७५३० मध्येच सापडतो.

पत्त्याचं म्हणाल तर ४००११ मधला ४ हा होल्डिंग रजिस्टर या प्रकाराचा, वाचायचं फंक्शन ३. उरलं अकरावं रजिस्टर. पण तारेवर मोजणी तळमजल्यापासून, म्हणजे शून्यापासून, म्हणून १०. काही सॉफ्टवेअर हा एक आपणच वजा करतात, तिथं ११ च टाकायचं.

टोटलायझर, म्हणजे एकूण पाण्याची बेरीज, मात्र मीटरचाच वाचा. पीएलसीत फ्लोटमध्ये एकेक लिटर मिळवत गेलात, तर १,६७,७७,२१६ वर बेरीज थिजते, कारण तिथून पुढे फ्लोटला एकाची वाढ टिपता येत नाही. तुमच्या प्रवाहाला त्यासाठी दोन महिनेही लागणार नाहीत.